घोड्यावर बसायला कारण कशाला लागतं?

चाळीस सेकंदांच्या एका व्हिडिओवरून यंदा आमच्याकडे गोव्यात बरंच रण माजलं. तपकिरी तट्टावर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा, डोक्यावर हेल्मेट. पुढे दोरी धरून घोडी सांभाळणारा मोतद्दार, आणि मुलाच्या मांडीवर हात ठेवून दोन बाजूंना दोन माणसं चालताहेत. मुलगा एकदम ओरडतो, "आनीक!" म्हणजे आणखी. त्याखाली कुणीतरी ओळ चिकटवली होती : 'जन्मात न बोललेला मुलगा घोड्यावर बोलला.' दोन दिवसांत पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळ्यांच्या फोनवर तो फिरला आणि तिसऱ्या दिवशी भांडण जुंपलं. एक गट म्हणाला, हा चमत्कार आहे, सरकारने तालुक्यातालुक्यात अशी सोय करावी. दुसरा म्हणाला, हे श्रीमंतांचे चोचले, आधी फिजिओथेरपिस्ट नेमा, रॅम्प बांधा. तिसऱ्याला मुलगा दिसलाच नाही, फक्त तट्टू दिसलं : मुक्या जनावराचे हाल थांबवा.

त्या व्हिडिओत डाव्या बाजूने चालणारा टकला गृहस्थ मी आहे. नोव्हेंबर ते मे असा अख्खा मोसम मी दर शनिवारी सकाळी त्या मैदानावर बाजूने चालण्याचं काम केलं. त्यामुळे एक गोष्ट अधिकाराने सांगू शकतो. मुलगा 'आनीक' घरीही म्हणतो. भातावर हुमण वाढताना म्हणतो, असं त्याच्या आईनेच मला सांगितलं. फार थोडे शब्द आहेत त्याच्याकडे, त्यातला हा एक. तो घोड्याने दिलेला नाही. मुलाला आणखी एक फेरी हवी होती, एवढंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे तिन्ही गट एकाच प्रश्नाभोवती भांडताहेत : घोड्याने मूल बरं होतं का? आणि तो प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. अपंग मुलांना, मोठ्यांनाही, घोड्यावर बसण्याची सोय सार्वजनिक पैशातून व्हावी असं मला वाटतं. पण ती खेळ आणि विरंगुळा म्हणून व्हावी, औषध म्हणून नको. (अपंग हा शब्द मी जाणून वापरतो. 'दिव्यांग' म्हटलं की तिथेही काहीतरी दिव्य शोधायची आपली जुनी खोड जागी होते, आणि या व्हिडिओखालची ओळ त्याच खोडीतून आली आहे.)

चमत्कारवाल्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते आधी बोलू. घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवी हलते आणि थोडी वळतेही. त्यावर बसलेल्याच्या कमरेला जी हालचाल मिळते, ती माणूस स्वतः चालताना कमरेची होते तिच्या फार जवळची असते. जो मुलगा कधीच चाललेला नाही, त्याच्या कंबरेला चालणं म्हणजे काय हे घोड्यावर प्रथम कळतं. ही काव्यमय अतिशयोक्ती नाही. २००३ साली अमेरिकेत सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) पंधरा मुलांवर एक छोटा प्रयोग झाला. काही मुलांना आठ मिनिटं चालत्या घोड्यावर बसवलं, बाकीच्यांना तेवढाच वेळ एका पिंपावर, घोड्यावर बसतात तसं पाय टाकून. दोन्हींच्या आधी आणि नंतर पाठीच्या आणि मांडीच्या स्नायूंची डावी-उजवी बाजू सारखी काम करते का, ते मोजलं. घोड्यावरच्या मुलांत फरक स्पष्ट दिसला, पिंपावरच्यांत दिसला नाही. पुढे २०१५ साली स्वमग्न मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२७ मुलं, दहा आठवडे. एका गटाला घोडेस्वारी, दुसऱ्याला घोड्यांविषयीचेच तशाच पद्धतीने घेतलेले वर्ग, पण खरा घोडा नाही. घोड्याच्या गटातल्या मुलांची चिडचिड आणि अस्वस्थता कमी झाली, बोलण्यातले शब्द वाढले.

सत्तरी तालुक्यातली घोडेमोडणी पाहिलेल्या माणसाला यात गंमत वाटेल. शिगम्यात गडी कमरेला लाकडी घोडा बांधतो, हातात तलवार धरतो आणि ढोलताशावर असा नाचतो की घोडा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ते कळू नये. पण सगळी हालचाल त्या गड्याच्या पायांची असते, घोडा नुसता लोंबतो. पिंपावर बसलेल्या मुलाचं तेच झालं. ज्याच्या पायांत ती हालचाल नाही, त्याला ती देणारा घोडा जिवंतच लागतो. म्हणजे 'बागेतल्या झोपाळ्यावर बसवा की, घोडा कशाला?' हा दुसऱ्या गटाचा टोमणा खोटा ठरतो.

मग माझं अडतं कुठे? पंधरा मुलं आणि आठ मिनिटं, इथेच. फरक मोजला तो खाली उतरल्या उतरल्या. महिन्याभराने तो किती उरला, हा निराळा प्रश्न. बसण्याचा तोल आणि शरीराची ठेवण यांबाबत पुरावा बरा आहे, बाकी दाव्यांबाबत पातळ आहे. शिवाय दोन वेगळ्या गोष्टींची आपण खिचडी केली आहे. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट घोड्याची चाल साधन म्हणून वापरून एका ठरावीक मुलासाठी ठरावीक उपचार करतो, त्याला हिप्पोथेरपी म्हणतात. ती जरूर करावी, तिची फी असावी, तिचा हिशेब मागावा. आणि शनिवारी सकाळी मैदानावर बारा मुलं आळीपाळीने तीन-चार फेऱ्या मारतात, लगाम धरायला शिकतात, उतरल्यावर तट्टाला गाजर भरवतात, ही दुसरी गोष्ट. ही घोडेस्वारी आहे. तिला उपचाराचा कोट घालून मिरवलं की कोटाला शोभेल असं वागणं तिच्याकडून अपेक्षित होतं, आणि तिथे ती उघडी पडते.

लिस हार्टेलची गोष्ट या क्षेत्रात सगळे सांगतात, पण मला वाटतं उलटी सांगतात. ही डेन्मार्कची स्वार. १९४४ साली, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला. पुढे बरीच ताकद परत आली, पण गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे राहिले. घोड्यावर चढायला आणि उतरायला माणसाची मदत लागायची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या, घोड्याकडून ठरावीक कवायती करून घेण्याच्या प्रकारात बायकांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला, आणि जुबिली नावाच्या घोडीवर बसून तिने पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवलं. चार वर्षांनी पुन्हा रौप्य. यातून युरोपने काय धडा घेतला? घोडा बरं करतो! त्यातूनच उपचारात्मक स्वारीची चळवळ फोफावली, १९६९ साली ब्रिटनमध्ये अपंगांच्या घोडेस्वारीची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि या सगळ्याचं मला कौतुकच आहे. पण नीट पाहा. घोड्याने लिस हार्टेलला बरं केलं नव्हतं. पदक घेतानाही तिचे पाय लुळेच होते. बरी न होताच ती जगात दुसरी आली. 'बरं होणं' ही अट मधून काढून टाकली की माणूस कुठवर जातो, हे त्या गोष्टीत आहे. ते आपण वाचलं नाही.

शेजारच्या बंगल्यातली मुलगी शनिवारी घोड्यावर बसायला जाते तेव्हा तिला कुणी कारण विचारतं का? तिची आवड आहे म्हणतो, आणि सोडून देतो. अपंग मुलाच्या बाबतीत मात्र प्रत्येक आनंदाला डॉक्टरची चिठ्ठी लागते. तो पोहला तर जलोपचार, चित्र काढलं तर कलोपचार, गाणं ऐकलं तर संगीतोपचार, कुत्र्याशी खेळला तर त्यालाही एक नाव तयार असतं. जागेपणीचा एकेक तास सुधारणेच्या खात्यात जमा करायचा. या मुलांना नुसतं खेळायला रविवार कधी मिळणार?

हा केवळ शब्दांचा वाद नाही, त्याने कुणीतरी बाहेर फेकलं जातं. मोसमाच्या शेवटी आयोजकांनी पालकांना एक फॉर्म दिला. देणगीदारांना पाठवायचा होता. त्यात एक रकाना होता, 'झालेली सुधारणा (टक्के)'. आमच्या शनिवारच्या मुलांत एकाला स्नायूंचा डुशेन नावाचा आजार आहे. या आजारात ताकद वर्षागणिक कमीच होत जाते, बहुतेक मुलं बाराव्या वर्षाच्या आसपास चालणं गमावतात. गेल्या नोव्हेंबरात तो स्वतः लगाम धरून बसायचा, मे महिन्यात त्याला दोन्ही बाजूंनी आधार लागत होता. त्याच्या वडिलांनी त्या रकान्यात काय लिहायचं? उणे किती टक्के? आणि हे आकडे पाहून पुढल्या वर्षी जागा वाटल्या तर सर्वांत आधी नाव कुणाचं गळेल? ज्याच्याकडे वेळ सर्वांत कमी आहे त्याचं. उपचार म्हणून पैसा मागितला की हे अटळ आहे. खेळ म्हणून मागितला तर त्या मुलाचा हक्क इतरांइतकाच राहतो.

यावर आयोजकांचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते वजनदार आहे. ते म्हणतात, सर, खेळासाठी कोण पैसे देतो? कंपन्यांना 'थेरपी' हा शब्द लागतो. अपंगांसाठीच्या सरकारी नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्यातून वर्षाला लाखभरापर्यंत खर्च मिळतो, तोही उपचारांचा. तुम्ही 'मजा' म्हणा आणि आम्ही दुकान बंद करतो. खरं आहे. पहिल्या वर्षी तो शब्द कदाचित वापरावाच लागेल. पण कायदा पाहा. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २९ वं कलम संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे, ३० वं खेळांबद्दल. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही विरंगुळा आणि खेळ यांना स्वतंत्र कलम आहे. आरोग्याचं कलम वेगळं, हे वेगळं. म्हणजे मागणीला दार आहे, आपणच ते ठोठावत नाही. २०२३ च्या जानेवारीत पणजीत अपंगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला. देशभरातून अपंग माणसं आली, गाणी झाली, खेळ झाले. तिथे कुणी सुधारणेचा दाखला मागितल्याचं मला आठवत नाही. तीन दिवसांच्या उत्सवात जे चालतं ते सात महिन्यांच्या मोसमात का चालू नये?

आता रॅम्पवाल्यांकडे वळतो. त्यांच्या बोलण्यातला राग मला समजतो. सांग्याहून किंवा वाळपईहून मूल कडेवर घेऊन, बस बदलून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, फिजिओथेरपीला येणारी आई मी पाहिली आहे. तिला आधी गावाजवळ फिजिओथेरपिस्ट हवा, आणि घोडा की फिजिओथेरपिस्ट असा एकच पर्याय समोर असेल तर मीही दुसऱ्यावरच बोट ठेवीन. पण तसा पर्याय समोर ठेवला कुणी? कार्निव्हलच्या आणि शिगम्याच्या चित्ररथांना बक्षिसं जाहीर होतात तेव्हा 'आधी रॅम्प' असं कुणी म्हणत नाही. फुटबॉलच्या मैदानावर दिवे बसतात तेव्हा म्हणत नाही. अपंगांच्या वाट्याला एक लहानसं ताट ठेवायचं आणि त्यातल्या घासांनीच एकमेकांशी भांडावं अशी व्यवस्था आहे. आपण हौसेने त्या भांडणात उतरतो. फिजिओथेरपिस्टचा पैसा आरोग्य खात्याकडून भांडून घ्यावा, घोड्याचा क्रीडा खात्याकडून. आणि हो, घोड्यावर चढायलाही रॅम्पच लागतो. आमच्या इथे सुताराने बनवलेला एक लाकडी रॅम्प आहे, चाकाची खुर्ची थेट तट्टाच्या पाठीच्या उंचीला जाते. गावात इतका चांगला रॅम्प दुसरा नाही.

आता तिसरा गट. घोडं खरं इथेच पेंड खातं.

प्राणिप्रेमींना वेड्यात काढणं सोपं आहे. वरातीच्या घोड्यावर दिव्यांच्या माळा आणि पुढे कानठळ्या बसवणारा बँड चालतो तेव्हा कुठे जाता, असं विचारता येतं. पण एक क्रूरपणा दाखवून दुसरा झाकता येत नाही. आणि गोव्याचा तर घोड्यांच्या बाबतीत इतिहासच फारसा अभिमानाचा नाही. अरबस्तान आणि होर्मुझहून येणारी घोड्यांची जहाजं शतकानुशतकं या बंदरात लागली. कदंबांच्या काळापासून दख्खनच्या राजांना लढाईसाठी घोडे हवे होते, ते इथून वर जायचे. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार मुठीत धरला, विजयनगरशी सौदे त्यावर केले आणि जकातीवर तिजोरी भरली. इतके घोडे दरवर्षी लागत, कारण दरवर्षी इतके मरत. तेराव्या शतकाच्या शेवटी दक्षिणेत आलेला मार्को पोलो पूर्व किनाऱ्याबद्दल लिहितो की इथल्या लोकांना घोड्याची निगा ठाऊक नाही, आणि घोडे विकणारे व्यापारी नालबंदांना इकडे येऊच देत नाहीत, कारण घोडे मेले तरच नवे खपतील. प्रवाशाच्या सांगण्यात तिखटमीठ असेल, पण यातला व्यवहार ओळखीचा वाटतो. घोडा आणायचा, मोतद्दार आणायचा नाही. रिबन कापायची, पेंडीचं बिल पुढच्या वर्षावर ढकलायचं.

म्हणून योजना हवी म्हणणाऱ्याने आधी घोड्याचा हिशेब मांडायला हवा. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, आपल्या उकाड्यात त्याहून जास्त. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाने खूर तासायला हवेत, आणि नालबंद गोव्यात शोधून मिळत नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं पाठीवर घालू नये असा साधारण दंडक आहे. साडेतीनशे किलोच्या तट्टावर सत्तर किलोंच्या वर नाही. म्हणजे मोठ्या माणसांना बसवायचं तर मोठा घोडा हवा, आणि मोठ्या घोड्यावर बाजूने चालणाऱ्याचा हात पोचत नाही. या कामाला देशी तट्टूच सोयीचं. भीमथडी तट्टाला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे, ते इथे का वापरून पाहू नये? शिवाय ग्लँडर्ससारख्या माणसालाही होणाऱ्या रोगासाठी रक्ततपासणी हवी. मुलांसाठीही हेच : डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, ते तपासल्याशिवाय त्याला घोड्यावर चढवायचं नाही. आकडी आटोक्यात नसेल तर नाही. कुणी म्हणेल, मग झालाच की हा उपचार! नाही. किनाऱ्यावर जीवरक्षक बसतो म्हणून समुद्रात डुंबणं उपचार होत नाही.

एक प्रसंग सांगतो. फेब्रुवारीतला शनिवार, दहा वाजून गेलेले, ऊन चढलेलं. राणी नावाची आमची सर्वांत शांत घोडी तिसऱ्या मुलाला घेऊन फिरत होती. वळणावर तिने कान मागे पाडले, शेपटी दोनदा झटकली, आणि मान वळवून पोटाखालच्या तंगाला, म्हणजे खोगिराच्या पट्ट्याला, चावा घेतला. मोतद्दाराने दोरी आखडली. "आज पुरे हिचं," एवढंच म्हणाला. दोन मुलं अजून रांगेत होती. आणि त्या दिवशी देणगी देणारे पाहुणे यायचे होते. आयोजकांपैकी एकाने हलकेच सांगितलं, एकच फेरी घेऊ, फोटोपुरती. मोतद्दाराने उत्तर दिलं नाही. तंग सोडला, खोगीर उतरवलं, राणीच्या पाठीवर घामाचा जो चौकोन उमटला होता त्यावर पाणी मारत उभा राहिला. रांगेतली एक मुलगी रडली, तिला राणीच्या अंगावर खरारा करायला दिला. ती वीस मिनिटं खरारा करत बसली आणि घरी जायला तयार होईना. पाहुण्यांना काय फोटो मिळाले ते मला माहीत नाही.

प्राणिप्रेमी बंदी मागतात. मी म्हणतो, त्या मोतद्दाराच्या हातात अधिकार द्या. लेखी द्या. कोणता घोडा, किती फेऱ्या, कधी थांबायचं, यात त्याचा शब्द शेवटचा. डॉक्टरचा नाही, देणगीदाराचा नाही, आईबापांचाही नाही. आणि इथे पुन्हा माझा मूळ मुद्दा येतो. घोडेस्वारीला उपचार म्हटलं की एक फेरी चुकणं म्हणजे डोस चुकणं होतं, आणि मग थकलेल्या घोडीलाही एक फेरी मारायला लावणारा माणूस मुलाच्या भल्याचंच बोलतो असं वाटतं. खेळ म्हटलं तर आज खेळ नाही, एवढंच. मुलगी रडते आणि खरारा करते. घोड्याच्या पाठीवर चमत्काराचं ओझं घातलं की ते त्या पाचव्या हिश्श्याच्या हिशेबात कुठेच धरलं जात नाही.

आणि पावसाळा धरून उरलेले पाच महिने? मोसम सात महिन्यांचा, पण घोडा बारा महिने खातो. जूनपासून मैदानाचा चिखल होतो, दमटपणात खुरांना कुजण लागते, देणगीदार तर पहिल्या सरीलाच गायब. माझं मत विचाराल तर सरकारी अनुदानातला पहिला रुपया या पाच महिन्यांच्या चाऱ्यावर पडावा. तेवढी तरतूद नसेल तर नोव्हेंबरात मोसम सुरूच करू नये. मुलांनाही हे सांगता येतं, त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर कळतं.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ढग भरून आले होते. तट्टं घाटावर परत न्यायला टेम्पो आला. 'आनीक'वाला मुलगा आईच्या कडेवरून टेम्पोकडे हात करत होता. तिने मोतद्दाराला विचारलं, परत कधी?

"चवथ झाली की येतो," तो म्हणाला. मग टेम्पोत चढवलेल्या राणीकडे बघून म्हणाला, "पण हिला दिवाळीपर्यंत जुंपायचं नाही हां. आधीच सांगून ठेवतो."